एकेरी नाव

श्रीराम लागू मराठी माणसासाठी शेवटपर्यंत 'डॉक्टर' राहिले. लक्ष्मीकांत बेर्डे मात्र 'लक्ष्या' झाले, अशोक सराफ 'मामा' झाले, आणि कोंडके तर आधीपासून सगळ्यांचे 'दादा' होते. गंभीर नटाला आपण पदवीनं ओळखतो, विनोदी नटाला घरात घेतो. घरात घेणं हे फार मोठं देणं आहे, त्याची किंमत मी कमी करणार नाही. पण घरच्या माणसानं केलेलं काम कुणी काम म्हणून मोजत नाही, हेही आपल्याला घरोघरी दिसतं. विनोदी नटाचं असंच झालं आहे. प्रेम भरभरून मिळालं, पण त्याच्या कसबाकडे कसब म्हणून पाहिलं गेलं नाही. त्याला कोणत्या भूमिका मिळतात, रस्त्यात लोक त्याच्याशी कसं वागतात, तो गेल्यावर त्याच्याबद्दल काय बोललं जातं, या सगळ्याच्या मुळाशी मला ही एकच गोष्ट दिसते.

सिनेमातला विनोद ज्या परिस्थितीत घडतो, ती प्रेक्षकाला सहसा माहीत नसते. नाटकात समोर माणसं असतात. वाक्य टाकलं की हशा येतो, तो चढतो, उतरायला लागतो, आणि नेमका उतरता असताना पुढचं वाक्य उचलायचं असतं. नट हे कानानं शिकतो आणि प्रत्येक प्रयोगात थोडं बदलून पाहतो. सेटवर कान रिकामा असतो. 'सायलेन्स'ची हाक गेली की लाइटवाल्यांपासून मेकअपवाल्यांपर्यंत सगळे श्वास रोखून उभे राहतात, आणि कुणाला हसू फुटलंच तर टेक वाया जातो. म्हणजे हसवायचं ते हसायची मनाई असलेल्या माणसांसमोर. हशा काही महिन्यांनी, दुसऱ्या गावात, अंधारात येणार असतो. त्याच्यासाठी आज जागा सोडावी लागते. कमी सोडली तर भरल्या थिएटरात पुढचं वाक्य हशाखाली बुडतं. जास्त सोडली तर दुपारच्या खेळाला, पंचवीस माणसांत, तीच जागा भोकासारखी दिसते. आता मोबाइलवर एकटा माणूस बघतो, त्याचं हसू तर आवाजातही उमटत नाही. या सगळ्यांना पुरेल असा विराम एकाच टेकमध्ये घ्यायचा असतो, आणि तो घेतल्यावरही कात्री संकलकाच्या हातात असते. दादा कोंडक्यांच्या यशाचं श्रेय लोक अनेकदा द्व्यर्थी संवादांच्या खाती टाकून मोकळे होतात, ते मला पटत नाही. १९७१ साली 'सोंगाड्या' आला, त्याआधी 'विच्छा माझी पुरी करा'च्या असंख्य प्रयोगांत त्यांनी वेगवेगळ्या गावांतला हशा कानानं मोजला होता. ते माप त्यांनी सिनेमात नेलं. भोळा चेहरा आणि लोंबती नाडी सगळ्यांना दिसली, हे माप कुणाला दिसलं नाही.

'अशी ही बनवाबनवी' १९८८ सालचा. संवाद वसंत सबनीसांचे, 'विच्छा' आणि 'सोंगाड्या' लिहिणाऱ्यांचेच. त्यात धनंजय माने बाईच्या वेशातल्या परशुरामची ओळख बायको म्हणून करून देतो आणि 'माझी'च्या जागी 'माझा' येतं. महाराष्ट्र अजून त्यावर हसतो. कागदावर ही लिंगाची एक चूक आहे. ती हसवते, कारण अशोक सराफ ती चूक म्हणून फेकत नाहीत. घाईतल्या माणसाची जीभ जशी घसरेल तशी ती घसरते, आणि सावरताना आवाजाला जेवढी घाई लागते तेवढीच लागते. शेजारी बेर्डे पदर सांभाळत उभे आहेत. त्या वेळी त्यांनी स्वतःचा हशा काढायला डोळे जरी फिरवले असते, तरी वाक्य मेलं असतं. विनोदात गप्प उभं राहणं हे अर्ध्याहून जास्त काम आहे, आणि या कामाला टाळी नसते. बेर्ड्यांनी पुढे १९९३च्या 'झपाटलेला'त रामदास पाध्यांच्या बाहुल्यासमोर आख्खा सिनेमा उभा केला. समोरच्या नटाच्या डोळ्यांतून जे मिळतं ते तिथं शून्य होतं. भीती आणि विनोद दोन्ही एका निर्जीव चेहऱ्याकडे पाहून, स्वतःच निर्माण करायचे होते.

तरीही लोक म्हणाले, लक्ष्या तसाच आहे, त्याला काही करावं लागत नाही. हा गैरसमज का झाला असेल याचा विचार केला की मला पडद्यावरचं नाव आठवतं. महेश कोठारेंच्या चित्रपटांत त्यांच्या पात्राचं नावही बहुतेक वेळा लक्ष्याच असे. चॅप्लिनच्या भटक्याला नाव नव्हतं, मिशी खोटी होती. ती काढून ठेवली की चार्ल्स चॅप्लिन नावाचा माणूस वेगळा उरत होता. आपल्याकडे पात्र आणि नट यांच्यात काढून ठेवण्यासारखं काही ठेवलंच नाही. मग लग्नात, बँकेच्या रांगेत, हॉस्पिटलच्या व्हरांड्यातसुद्धा लोक 'एक विनोद सांगा ना' म्हणतात, आणि तो गप्प राहिला तर त्याला गर्व झाला असं धरतात. गवयाला कुणी रुग्णाच्या उशाशी तान घ्यायला सांगत नाही, कारण गाणं ही शिकलेली गोष्ट आहे हे सगळ्यांना मान्य असतं.

मग हसवण्याचं हे कसब येतं कुठून, यावर एक जुनं उत्तर तयार असतं: विनोदी माणूस आतून दुःखी असतो, म्हणूनच तो हसवू शकतो. हे म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि ते चॅप्लिनकडेच बोट दाखवतात. सातव्या वर्षी लंडनच्या लॅम्बेथमधल्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात जावं लागलेला तो मुलगा होता, हे खरंच आहे. पण त्या काळी अशा आश्रमांत हजारो मुलं होती. १९८३ साली केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी चॅप्लिनच्या वगळलेल्या फिल्मच्या तुकड्यांवर माहितीपट केला. त्यात हा माणूस एकच प्रसंग पुन्हा पुन्हा चित्रित करतो, फसतो, काम थांबवतो, दुसरी वाट धरतो. तिथं दिसते ती चिकाटी. दुःखानं विषय दिला असेल, विरामाची लांबी दिली नाही. उलट दुःखाला श्रेय दिलं की मेहनत पुसली जाते, आणि 'जन्मजात विनोदी' म्हटल्यावर जे होतं तेच पुन्हा होतं. बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी, पन्नासाव्या वर्षी, आजारानं गेले. त्यानंतर त्यांच्या हसवण्यामागे काहीतरी शोकांतिका शोधणारं बरंच बोललं गेलं. आजार हा आजार असतो. त्यांच्या कामाची किल्ली तिथं शोधणं मला त्यांच्यावर अन्याय करणारं वाटतं.

आता सर्वांत अवघड आक्षेप. 'एक होता विदूषक'चं काय? १९९२ साली जब्बार पटेलांनी तो केला, लेखन पु. ल. देशपांड्यांचं, आणि त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात बेर्डे ज्या उंचीवर गेले ती आधी कुणी पाहिली नव्हती. मग विनोदाच्या खाली खरा नट दडलेला होता, असंच ना? मला उलटं दिसतं. तमाशातल्या सोंगाड्यापासून चित्रपटाच्या नायकापर्यंत गेलेल्या आबुरावाचं तुटणं त्यांना दाखवता आलं, कारण वाक्य कुठं अर्धं सोडायचं आणि चेहरा कुठं रिकामा ठेवायचा हे त्यांना विनोदानं शिकवलं होतं. अवजारं तीच, फक्त लाकूड वेगळं. दिलीप प्रभावळकरांना 'लगे रहो मुन्नाभाई'तल्या गांधींसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हाही असंच होतं. एकट्या मुन्नालाच दिसणारे ते गांधी गमतीदार प्रसंगांच्या मधोमध शांत बसतात, आणि ती शांतता इतकी मोजलेली आहे की अवतीभवतीचा विनोद तिच्या आधारानं उभा राहतो. खंत एवढीच की 'विदूषक'ला बेर्ड्यांच्या नेहमीच्या प्रेक्षकानं तशी गर्दी केली नाही. ज्यांनी त्याला एकेरीत बोलावलं होतं, त्यांना तो परका वाटला. हा प्रेमाचाच दोष आहे असं मी म्हणणार नाही. एका वर्षात एकाच साच्याचे इतके चित्रपट त्या चेहऱ्यावर काढले गेले होते की वेगळं काही ओळखायची सवयच उरली नव्हती, आणि ती जबाबदारी आम्ही सगळ्या धंद्यानं घ्यायला हवी.

अशोक सराफांना २०२३चा महाराष्ट्र भूषण आणि २०२५ साली पद्मश्री मिळाली. मनापासून आनंद झाला. पण त्या दिवसांत त्यांच्याविषयी जे छापून आलं त्यात साधेपणा होता, आठवणी होत्या, गाजलेली वाक्यं होती. ते वाक्याच्या आधी श्वास कुठं घेतात यावर मला फारसं काही वाचायला मिळालं नाही. या कामात येऊ पाहणाऱ्यांना मी 'बनवाबनवी' एकदा आवाज बंद करून पाहायला सांगतो. शब्द गेले की घरमालक सरपोतदार झालेल्या सुधीर जोशींचा चेहरा दिसायला लागतो. समोरचा थाप मारतोय, आणि या चेहऱ्यावर संशय यायला निघतो, अर्ध्यात थबकतो, परत जातो.