गावाचा देव, शहराचा पत्ता

रत्नागिरीत रिक्षावाल्याला ‘मारुती मंदिर’ एवढंच सांगितलं की तो चौकात आणून सोडतो. तुम्हाला दर्शन घ्यायचंय की मोबाइलची काच बदलायचीय, हे तो विचारत नाही. समुद्राकाठच्या जुन्या आळ्यांतून शहर हळूहळू सड्यावर चढलं. टिळक आळी, राम आळी, गोखले नाका खाली राहिले. साळवी स्टॉप, कुवारबाव, मिरजोळ्याची एमआयडीसी अशी नावं वर रुळली. १९९३ साली तांब्याचा एक मोठा कारखाना लोकांनी अडवला, तो पुढे तमिळनाडूत गेला. १९९८ साली कोकण रेल्वे पुरती सुरू झाली. या सगळ्या उलाढालीत मारुती जागेवरून हलला नाही, पण शहराचा मध्य मात्र त्याच्याकडे सरकला. आता त्याच्या नावानं शहाळी विकली जातात, क्लासेसच्या जाहिराती लागतात, बसचं तिकीट फाटतं. देवाला याहून मोठं काम कोणतं द्यावं?

लंडनच्या ब्रिक लेनवर एक इमारत आहे. १७४३ साली ती फ्रेंच निर्वासितांचं चर्च म्हणून उभी राहिली, मग मेथडिस्टांचं चॅपेल झाली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यूंचं सिनेगॉग आणि १९७६ पासून मशीद. वस्ती पालटली तसा आतला देव पालटला, भिंती त्याच. आपल्याकडे भिंतींना अशी सवय नाही. आपण जुनं देऊळ जिथल्या तिथे ठेवतो, आणि प्रश्न नवा आला की शेजारी नवं देऊळ बांधतो.

पतितपावन मंदिराच्या अंगणात उभं राहिलं की हे फार जाणवतं. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध होते. १९२९ साली इथल्या विठ्ठल मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी चळवळ केली आणि गाव ढवळून निघालं. मग भागोजीशेठ कीर पुढे आले. मूळ रत्नागिरीचे, भंडारी समाजातले, मुंबईत बांधकामाच्या ठेक्यांवर मोठे झालेले. त्यांच्या पैशातून लक्ष्मीनारायणाचं हे देऊळ उभं राहिलं आणि १९३१च्या फेब्रुवारीत जातीची अट न ठेवता सर्व हिंदूंसाठी उघडलं. तेव्हा नाशिकला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळारामाच्या दारात सत्याग्रह चालू होता आणि ते दार काही उघडत नव्हतं. नवं दार बांधणं त्या मानानं सोपं, जुन्या दाराची कडी काढणं अवघड. रत्नागिरीनं सोपी वाट धरली असं कुणी म्हणेल. पण त्या काळी या सोप्या वाटेवर पाऊल टाकायलाही छाती लागत होती.

आज तिथे गेलं तर काय दिसतं? दुपारच्या वेळी खांबाला टेकून पेपर वाचणारे एक आजोबा. सायकल भिंतीला लावून, घंटा वाजवून, हात जोडायच्या आत परत पळणारी दोन पोरं. कुणी कुणाला जात विचारत नाही, आणि विचारत नाही याचं कुणाला नवलही वाटत नाही. ज्या वादापायी देऊळ उभं राहिलं तो वाद इथे इतका जिरला आहे की देऊळ निव्वळ देऊळ होऊन बसलं. मला हे त्याचं मोठं यश वाटतं. फक्त अंगणाबाहेर, लग्नाच्या याद्या होताना, तोच वाद ताठ मानेनं उभा असतो.

शहराची दुसरी खूण थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८५ साली गादीवरून उतरवला गेला आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवला गेला. कितीतरी वर्षं बंगल्यांत काढल्यावर १९१०च्या सुमाराला त्याला हा वाडा मिळाला. उतरती छपरं, कमानींवर लाकडी नक्षी, गच्चीवरून दिसणारी भाट्याची खाडी. सहाएक वर्षांत, १९१६ साली, तो गेला. वाड्यात पुढे सरकारी तंत्रनिकेतनाचे वर्ग भरले, आता तिथे संग्रहालय आहे. थिबाची नात मात्र मराठी बोलत याच मातीत जगली. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन राजाच्या समाधीवर डोकं टेकवायला रत्नागिरीत आले, तेव्हा शहराला आपल्या या पाहुण्याची पुन्हा आठवण झाली.

थिबा बौद्ध होता. त्याच्यामागे चाळीस वर्षांनी, १९५६ साली, नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि याच जिल्ह्यातल्या वाड्यावाड्यांतून माणसं बुद्धाला शरण गेली. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातलं. सड्यावर पुढे जे साधे, पत्र्याच्या छपराचे विहार उभे राहिले, त्यांचा राजवाड्याशी काही संबंध नाही. राजाकडे बुद्ध होता, भोवती माणसं नव्हती. या विहारांकडे राजा नाही; पण बुद्धपौर्णिमेला खीर वाटायला पातेली अपुरी पडतात.

आणि भैरी. ग्रामदैवत, बारा वाड्यांचा देव. इतर खुणा आपल्या जागी बसून माणसांची वाट बघतात, हा शिमग्यात स्वतःच निघतो. देवाची रूपं लावलेली पालखी खांद्यावर नाचत शहरभर फिरते, झाडगावच्या सहाणेवर बसते, ओट्या भरायला रांग लागते. पोलीस सलामी देतात. जिथे पूर्वी आवाठ होतं तिथे आता सात मजली इमारत. केबलच्या वायरी आडव्या आल्या की एक पोरगा लांब बांबूनं त्या वर उचलून धरतो, ढोलाचा ठेका न तोडता खांदेकरी खालून निघून जातात, आणि तिसऱ्या मजल्यावरची बाई गॅलरीतूनच हात जोडते. पालिकेच्या नकाशात वॉर्ड असतात. पालखीच्या वाटेत अजून वाड्या आहेत.

पण त्या गॅलरीतल्या बाईचा विचार मनातून जात नाही. ती घाटावरून आलेली असेल, नवरा एमआयडीसीत असेल. कुठल्या वाडीची ती? पालखीत मान कुणाचा, गाऱ्हाणं कुणी घालायचं, हे पिढ्यांपूर्वी ठरलेलं. मानकऱ्यांची मुलं मुंबईला, शिमग्याला चार दिवस येणारी. बारा महिने इथे राहणाऱ्यांना मात्र मान नाही. खांद्यांना माणसं कमी पडायला लागली की हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. भागोजीशेठांच्या वेळी प्रश्न होता, आत कुणाला घ्यायचं. आता प्रश्न आहे, खांदा कुणाला द्यायला सांगायचं. तेव्हा नवं देऊळ बांधून वाट काढता आली. भैरी एकच आहे. त्याला पर्याय बांधता येणार नाही. या वेळी जुन्याच घरात सरकून बसावं लागेल, आणि सरकायचं कुणी, हे मानकऱ्यांनी आपणहून ठरवलं तर बरं.