वाकडं अंगण

'काळाच्या पुढे होता.' हे तीन शब्द भाचा बोलला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मुंबई एसटीने निघून गेला. तो गेला, शब्द इथेच राहिले. सकाळी चहा पिताना आठवतात, रात्री कौलांवर पावसाची सर आली की आठवतात. तो बोलत होता क्वीन या रॉक बँडच्या 'हॉट स्पेस' या अल्बमबद्दल. साल 1982. भाच्याचं वय सव्वीस. म्हणजे जो अल्बम काळाच्या पुढे होता, तो निदान भाच्याच्या तरी बराच मागे होता.

आणि मी त्या वेळी तिथे होतो. मुंबईत, हॉस्टेलच्या खोलीत. बाणकोटच्या एका मित्राचा भाऊ कुवेतला होता, त्याने सुट्टीवर येताना कॅसेट आणली. कव्हरवर चार रंगांचे चार चौकोन, प्रत्येकात रेघांनी काढलेला एक चेहरा. सहा जण टू-इन-वनभोवती बसलो आणि पहिल्याच गाण्यात पितळी वाद्यं वाजली, मागे मशीनचा ठेका. एक म्हणाला, "गिटार कुठाय?" दुसरा म्हणाला, "थांब, आता नाझिया हसन येईल." मग मी म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडे." सगळे खो खो हसले. त्या एका वाक्यावर मी हॉस्टेलात पुढचं वर्षभर रसिक म्हणून मिरवलो.

आता ती म्हण मला टोचते. कारण तेव्हा ती मी नेमकी कुणाला लावली, हेच कळत नाही. नाचता कुणाला येत नव्हतं? त्या चौघांना, की खाटांवर हाताची घडी घालून बसलेल्या आम्हा सहा जणांना? आमचा एकही पाय हलला नव्हता, हे मात्र मला पक्कं आठवतं.

मुळात ही म्हण घाटावरची असणार. कोकणातल्या माणसाने ती केली असती तर तिचा अर्थच उरला नसता. आमच्याकडे अंगण वाकडंच असतं. मंडणगड तालुक्यात सपाट म्हणावी अशी जागा एक तर खाडीकाठी किंवा एसटी स्टँडावर. बाकी सगळा उतार. डोंगर खणून, खालच्या अंगाला जांभ्याचा बांध घालून जेवढं मिळेल तेवढं अंगण काढायचं. तेही मुद्दाम थोडं कलतं ठेवायचं, नाहीतर पावसाचं पाणी पडवीत शिरेल. पाऊस गेला की माती टाकून ते चोपायचं, वर शेणाने सारवायचं. दर वर्षी नवं अंगण आणि दर वर्षी तोच कल. आमच्या अंगणात गोटी सोडली तर ती तुळशीला वळसा घालून बांधाकडे जाते. लहानपणी आम्ही तिला ढकलतसुद्धा नसू.

म्हणीचा दुसरा भाग तर आणखी पुढचा. रांधता येईना, ओली लाकडे. जुलैत कोकणात ओली नसलेली लाकडं दाखवा आणि माझ्याकडून जेवण घ्या. आई फुंकणी घेऊन चुलीपुढे बसायची, डोळे लाल, आणि घरभर धूर. तिला रांधता येत नव्हतं असं म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण लाकडं ओलीच होती. म्हणजे घाटावर जी लंगडी सबब, ती आमच्याकडे साधी बातमी.

लाकडावरून आठवलं. क्वीनच्या ब्रायन मेची गिटार त्याने आणि त्याच्या बापाने घरी बनवलेली. 1963 साली कामाला लागले, दोनेक वर्षं गेली. गिटारीची मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून काढली. शंभराहून जास्त वर्षं आगीशेजारी शेकलेलं लाकूड, याहून कोरडं काय असणार! त्या गिटारीचा आवाज ऐकायला आम्ही बसलो होतो. आणि 'बॉडी लँग्वेज'मध्ये ती जवळजवळ नाहीच. आमचा राग अगदीच बिनबुडाचा नव्हता.

त्यांच्या बाजूनेही थोडं सांगायला हवं. 1980 मध्ये त्यांचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं होतं, तेही जॉन डीकनच्या बेसवर. मग त्याच वाटेने आणखी चार पावलं जाऊ, असं कुणालाही वाटलं असतं. पण तिकडे 1979 च्या जुलैत शिकागोच्या एका स्टेडियममध्ये डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवून झाला होता. 'हॉट स्पेस' ब्रिटनमध्ये चौथ्या नंबरापर्यंत गेला, अमेरिकेत बाविसाव्या. त्या वर्षीचा अमेरिकेचा दौरा हा गायक फ्रेडी मर्क्युरीसोबतचा शेवटचा ठरला. आपल्याकडे त्याच डिसेंबरात 'डिस्को डान्सर' आला आणि गल्लोगल्ली नाच सुरू झाला. आम्ही रॉकवाले त्यालाही नाक मुरडून बसलो.

मी त्या कॅसेटची पहिली बाजू पुन्हा लावलीच नाही. दुसरी लावायचो, कारण शेवटी डेव्हिड बोवीबरोबरचं 'अंडर प्रेशर' होतं. पण कॅसेटची फीत हेडवरून पूर्ण रुंदीने जाते. एक बाजू ऐकताना दुसरीही घासली जातच असते. म्हणजे जे मी ऐकत नव्हतो, तेही मीच झिजवत होतो. ही गोष्ट मला टेप दुरुस्त करणाऱ्याने सांगितली तेव्हा उगाचच अपराधी वाटलं.

पण 1982 म्हटलं की मला क्वीन नंतर आठवतं, आधी आठवतात तात्या.

तात्या म्हणजे माझे चुलते, गिरणीत साचेखात्यात. 18 जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. तात्या शिमग्याला गावी आले ते परत गेलेच नाहीत. वाडीतल्या निम्म्या घरांत तीच गत. एरवी आमची वाडी म्हणजे बायका, पोरं, म्हातारी आणि महिन्याची मनीऑर्डर. त्या वर्षी लावणीला बाप्ये होते. चिखलात पाय घालताना ते नवख्यासारखे अडखळत, आणि बायका तोंडाला पदर लावून हसत.

तात्या शाहीर होते. जाखडी नाचाचे, तुरेवाले. शक्तीवाल्यांशी सवाल-जवाबात त्यांना हरवणं अवघड. त्या गणपतीत हातात पैसा नव्हता, सात महिन्यांचा पगार नव्हता, आणि नाचायला मात्र कधी नव्हती एवढी माणसं होती. दोन फेर पुरे होतील एवढी. रात्री पेट्रोमॅक्स लावला, गण झाला, आणि गौळण सुरू झाली ती 'कुर्बानी'तल्या नाझिया हसनच्या 'आप जैसा कोई'च्या चालीवर. मथुरेच्या बाजारला निघालेली राधा आणि खाली डिस्को. शेजारच्या पोराने मुंबईहून आणलेला बेंजो साथीला. म्हातारे उठून पडवीत गेले. एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "ह्यो नाच न्हाय, सिनेमा हाय." पुढे कित्येक महिने तात्यांना पाणवठ्यावरसुद्धा ऐकून घ्यावं लागलं. मीही तेव्हा मुंबईहून आलेला शहाणा. मला तर दोन्हीकडून लाज वाटली. डिस्कोचीही आणि जाखडीचीही.

त्या रात्रीचं एक मात्र डोळ्यांपुढून जात नाही. अंगण ओलं होतं, कलतं होतं. फेर फिरताना चढाच्या बाजूला पावलं आखूड पडायची, चाळ दबून वाजायचे. उताराला आली की पावलं लांब, चाळ मोकळे. त्यामुळे ठेका दर फेऱ्यात एकदा आवळायचा आणि एकदा सुटायचा. मृदंगवालाही नकळत तसाच वाजवायला लागला. ती लचक त्या वाकड्या अंगणाने दिली होती. सपाट स्टेजवर तीच माणसं, तोच नाच मी पुढे मुंबईत पाहिला. चांगला झाला. पण ती लचक नव्हती.

गेल्या गणपतीत वाडीच्या पोरांनी माइकवरून सांगितलं, "आता सादर करीत आहोत आपल्या वाडीची पारंपरिक चाल." आणि तीच गौळण लावली. पारंपरिक! मी एकटाच हसलो. ज्यांना हसू आलं असतं, ते सगळे गेलेत. तात्या पडवीत खुर्चीवर होते, वय शहाऐंशी. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पोरांच्या पायांकडे बघत होते.

हॉस्टेलात आणखी एक फुशारकी मारायचो. आमच्यातल्या एका पारशी मित्राने सांगितलं होतं की फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बुलसारा, झांजिबारहून शिकायला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये आलेला. तिथेच शाळकरी पोरांचा बँड काढून पियानो वाजवायचा. मग मी म्हणायचो, आमची सावित्री महाबळेश्वरला उगवते आणि बाणकोटला समुद्राला मिळते, तेव्हा तो आमच्या नदीकाठचाच की. पुढे नकाशा नीट पाहिला. पाचगणीचं पाणी कृष्णेला जातं, तिथून पार आंध्रात. डोंगराच्या धारेवर कुठेतरी थेंबाचा निकाल लागतो आणि आपण इकडे नातं जोडत बसतो. त्या फुशारकीची मला म्हणीपेक्षाही जास्त लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

फ्रेडीने त्या वर्षी 5 जूनला मिल्टन कीन्सच्या मैदानात हजारो लोकांपुढे, काही नवी गाणी म्हणण्याआधी, साधारण असं म्हटलं होतं की अहो, ही नुसती एक तबकडी आहे, एवढं काय तापताय. लोकांनी ते चिडून घेतलं की हसून, ते आवाजावरून कळत नाही. भाच्याने जाण्याआधी ते मला फोनवर दाखवलं. मग पहिली बाजू लावली. चाळीस वर्षांनी. 'बॅक चॅट'चा बेस आला आणि माझा उजवा पाय हलला. मी तो थांबवला. का थांबवला, कोण जाणे. आवडलं की वय झालं? की त्या खोलीतले सहापैकी दोघे आता नाहीत, म्हणून तेव्हाचं काहीही आता आवडेल?

काल तात्यांकडे गेलो. म्हटलं, तात्या, ती चाल तुमच्या काळाच्या पुढे होती, असं पोरं म्हणतात. म्हातारा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "ती चाल काय बरी नव्हती रे. तवा दुसरी सुचलीच नाय."

मी काही बोललो नाही. त्यांचं खरं मानावं की पोरांचं? आणि सुचली नाही ती संपामुळे की आणखी कशामुळे, हे विचारायचं राहिलं. काकूने चहा आणला आणि विषय भाताच्या भावावर गेला.

भाच्याने जाताना आणखी एक ठरवून टाकलंय. या वर्षी अंगण चोपायचं नाही, पेव्हर ब्लॉक बसवायचे, खर्च त्याचा. सगळं एका पातळीत आणायचं, म्हणजे खुर्च्या डगमगणार नाहीत, गाडीही लावता येईल. पाण्याला बाजूने पन्हळ काढू म्हणाला. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. गवंडी सोमवारी पाणसळ घेऊन येतोय.