काकांनी दिलेला कान

गाडीचा आवाज ऐकायला मला शिकवलं ते कांदिवली पूर्वेला गॅरेज चालवणाऱ्या एका काकांनी. त्यांची उमेदीची वर्षं आकुर्ली रोडवरच्या महिंद्राच्या कारखान्यात जीप जोडण्यात गेली होती. १९४९ साली महिंद्रांनी माझगावात विलीज जीपची जुळणी सुरू केली, तिथपासूनची वंशावळ त्यांना तोंडपाठ होती.

वडिलांच्या माघारी त्यांची फोर-व्हील-ड्राइव्ह एमएम ५४० माझ्याकडे आली. एके ठिकाणी प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस बदलून घेतल्यापासून ताशी साठच्या पुढे खालून घुमल्यासारखा आवाज यायचा, पायाखालचा पत्रा थरथरायचा. दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं क्राऊन-पिनियन गेल्याचं सांगून हजारोंचा खर्च काढला. आई म्हणाली, विकून टाक. मी ती काकांकडे नेली.

काकांनी पान्याला हातही लावला नाही. शेजारी बसले आणि म्हणाले, "दहिसरपर्यंत चल."

हायवेला लागल्यावर म्हणाले, "पाय दाब. आता सोड." आवाज तसाच. क्राऊन-पिनियनचा असता तर बहुधा सूर बदलला असता. वळणावर गाडीचं वजन एका बाजूला गेलं तरी फरक नाही, म्हणजे चाकाच्या बेअरिंगवरचा संशयही कमी झाला. मग त्यांनी गाडी न्यूट्रल करायला लावली. इंजिन मंदावलं, थरथर कायम. म्हणजे इंजिन आणि क्लच संशयातून सुटले. "कुठून येतो ते मागाहून बघू," काका म्हणाले, "आधी कधी येतो ते विचार."

गॅरेजात गाडीखाली शिरून त्यांनी रॉकेलच्या फडक्यानं मागच्या प्रोपेलर शाफ्टवरचं किटण पुसलं. सरकत्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बाण कोरलेला दिसला. ते समोरासमोर हवेत; शाफ्ट परत बसवताना दाते चुकले होते. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग दर फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो चढउतार भरून काढतो, पण दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉसला धरणारे दुबेळके, एका रेषेत असले तरच. काकांनी हे मला शाफ्टवर बोट फिरवत समजावलं आणि पाना माझ्या हातात दिला. शाफ्ट मी उतरवला, बाण जुळवले, ग्रीस भरलं, बोल्ट आवळले. परतताना सत्तरलाही पत्रा गप्प होता.

काकांनी मजुरी घेतली ती शाफ्टच्या काढ-घालीपुरती. वडिलांची जीप घरात राहिली, तो उपकार आहेच. पण ज्या विद्येवर त्यांचं पोट चालायचं, ती हातचं काही न राखता त्यांनी परक्या पोराला दिली, याचं मोल मला अधिक वाटतं.

आज मी मुलुंडला पंपांच्या देखभालीचं काम करतो. कुरकुरणाऱ्या पंपाला पाना लावण्याआधी भार वाढवून, कमी करून, वेग बदलून ऐकतो. दोष कशात नाही ते आधी ठरवतो. माझ्या घरची चूल या सवयीवर पेटते आणि ही सवय काकांची देणगी आहे.