दारं धरणं

“पोट फाडणार न्हाई, गाठ काढणार न्हाई. मग करणार काय ओ तुमी?”

अण्णांचा प्रश्न रास्त होता. कृष्णाकाठचे ऊसवाले, वय पासष्टच्या पुढे. जुन्या हिपॅटायटीस बी ने यकृताचा सिऱ्होसिस झालेला आणि त्यातच उजव्या बाजूला सहा सेंटिमीटरची गाठ. तेवढा भाग कापून काढला असता तर उरलेल्या निबर यकृताला संसार रेटला नसता. म्हणून सर्जननं त्यांना माझ्याकडे, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टकडे धाडलं होतं.

मी केसपेपरच्या पाठीवर यकृत काढलं. त्याला रक्त दोन वाटांनी येतं. सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून, बाकीचं धमनीतून. गाठ मात्र जवळजवळ सगळं पोषण धमनीतूनच ओढते. आमचा सगळा धंदा या एका फरकावर उभा आहे. गाठीकडे जाणारी धमनीची फांदी शोधायची, तिच्यात औषध सोडायचं, मग ती बुजवायची. गाठीची उपासमार होते, बाकीचं यकृत दुसऱ्या वाटेच्या रक्तावर तगतं.

अण्णांनी चित्र फिरवून पाहिलं. “म्हंजे दारं धरायचं काम की हो! एका वाफ्याचं पानी तोडायचं.” मग जरा थांबून, “पन पानी शेजारच्या वाफ्यात फुटलं तर?”

शिकाऊ डॉक्टरांनाही हा प्रश्न इतक्या लवकर सुचत नाही.

दारं धरण्याची सुरुवात जांघेतल्या एका टोचण्यानं होते. सुईतून तार घालायची, सुई काढायची, तारेवरून नळी सरकवायची. स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ साली मांडलेली ही युक्ती आजही जशीच्या तशी चालते. मोठ्या नळीतून मिलिमीटरपेक्षा बारीक नळी पुढे जाते. अंगावर शिशाचा एप्रन, नजर पडद्यावर. चिमटीतली तार फिरवताना बोटांना जे कळतं ते पडद्यावर नंतर दिसतं. वळणावर तार अडली की जोर लावायचा नाही, मागे येऊन पुन्हा विचारायचं. “अण्णा, श्वास रोखा,” म्हटलं की क्षणभर यकृत स्थिर होतं आणि डायच्या काळ्या रेघांत गाठ झुडपासारखी उमटते.

मग औषध. लिपिओडॉल म्हणजे खसखशीच्या तेलापासून केलेलं, आयोडीन मुरवलेलं द्रव्य. एका सिरिंजमध्ये ते, दुसरीत डॉक्सोरुबिसिन. दोन्ही जोडून इकडून तिकडे ढकलत ताकासारखं घुसळायचं. एवढी महागडी यंत्रं असलेल्या खोलीत हे काम अजून हातानंच होतं, याची मला गंमत वाटते.

खरी परीक्षा शेवटच्या दोन मिलिलिटरची. प्रवाह मंदावत येतो, गाठ काळी भरत जाते, आणि हात म्हणतो, अजून थोडं. तिथंच थांबायचं असतं. भरलेल्या फांदीत पुढे ढकललेलं औषध उलटं फिरतं आणि पित्ताशयाच्या नाहीतर जठराच्या धमनीत शिरतं. नवखा असताना मी एकदा ते ‘अजून थोडं’ दिलं. पित्ताशय सुजलं, आणि तो रुग्ण पंधरा दिवस कळा सोसत पडला होता. रोज सकाळी राउंडला त्याच्या खाटेपाशी जाताना पाय जड व्हायचे. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर त्या खाटेवर होतं.

गाठ तीन सेंटिमीटरच्या आतली असेल तर वाटच बदलते. बरगड्यांतून थेट गाठीत सुई घालून रेडिओफ्रीक्वेन्सीनं किंवा मायक्रोवेव्हनं ती जाळता येते. तिथंही शेजार सांभाळावा लागतो. आतडं चिकटून असलं तर मध्ये पाणी भरून त्याला दूर सारतो. रेडिओफ्रीक्वेन्सीला ते पाणी ग्लुकोजचं लागतं, सलाइन वीज वाहून नेतं. मोठी रक्तवाहिनी शेजारी असली तर वाहतं रक्त उष्णता पळवतं, आणि त्या काठाला गाठ कच्ची राहते. इट्रियमचे किरणोत्सारी मणी धमनीतून सोडण्याचाही उपाय आहे. चौसष्ट तासांत त्यांचा निम्मा जोर ओसरतो, पण खर्च ऐकून बहुतेकांचे चेहरे त्याआधीच उतरतात.

टाका नाही म्हणजे त्रास नाही, असं मी कुणाला सांगत नाही. अण्णांना तीन दिवस ताप आला, उलट्या झाल्या, अन्नावरची वासना गेली. चौथ्या दिवशी त्यांनी पिठलं मागितलं. महिन्यानं सीटीत गाठीचा बराच भाग मेलेला दिसला. उरलेल्यासाठी दुसरी खेप केली, तीही पेलली.

तिसऱ्या खेपेला ते पिशवीत कपडे भरूनच आले. गाठीचा एक कोपरा पुन्हा जिवंत झाला होता आणि त्याची फांदी मला पडद्यावर स्वच्छ दिसत होती. नळी सहज पोचली असती. पण बिलिरुबिन वाढलं होतं, पोटात पाणी धरलं होतं. या यकृताला आता एक फांदी बुजवणंही सोसलं नसतं.

“अण्णा, आत्ता नको,” मी म्हणालो. कारणं सांगू लागलो तशी त्यांनी मान हलवली.

“वाफसा न्हाई, म्हना की. चिखलात औत घातलं तर रानच बिघडतंय.”

कपड्यांची पिशवी त्यांनी पुन्हा काखेत मारली आणि पुढची तारीख विचारली. मी चिठ्ठीवर तारीख लिहिली, खाली लिहिलं : फक्त रक्ततपासणी.