कापूस, माळ आणि आमचे अण्णा

नाताळात आमचे परदेशी क्लायंट आठवडाभर गायब होतात, त्यामुळे आम्हा गरीब ऑफशोअरवाल्यांनाही जरा उसंत मिळते. या वेळी पुण्याहून सरळ टेंभुर्णी गाठलं. (जालना जिल्ह्यातलं, जाफराबाद तालुक्यातलं. सोलापूरकडचं नव्हे. हे दर वेळी सांगावं लागतं :-))

घरात शिरलो तर बाहेरच्या खोलीत छतापर्यंत कापूस. भाव वाढेल या आशेवर ठेवलेला. आमच्याकडे डिसेंबरात यात नवल काहीच नाही. पण त्या ढिगावर खिळ्याला दिवाळीतली लाइटची माळ अजून लटकत होती. खाली एक्स्टेन्शन बोर्ड. त्यात माळ, दोन चार्जर आणि सकाळी बादलीत सोडायची कॉइल. एका सॉकेटची कड काळी पडलेली. आईची अंघोळ नुकतीच झाली होती. बोर्डाला हात लावला... चटका बसला!

"अण्णा, हे काय?"

"काय होतंय त्याला? चार सालापासून तसंच चालू हाय. अन् एमसीबी हाय ना, पडंल की."

झालं! इंजिनिअरच्या डोक्यात भुंगा सुटला. कॉइल १५०० वॅटची, म्हणजे २३० व्होल्टला साधारण साडेसहा अँपिअर. बोर्डावरचं सॉकेट ६ अँपिअरचं. एमसीबी पडतो तो जास्त करंट गेला किंवा शॉर्ट झालं तर. पिन नुसती सैल असेल तर करंट नेहमीचाच असतो, त्यामुळे तो गप्प बसतो. पण त्या सैल जागी समजा अर्धा ओहम रेझिस्टन्स असेल, तर एका टोकाएवढ्या जागेत वीसेक वॅटची उष्णता. सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचं असतं. म्हणजे आम्ही रोज सकाळी कापसाला टेकवून जवळपास एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवत होतो!

आणि कापूस भडकतो त्यापेक्षा धुमसतो. ठिणगी आत शिरली की तासन् तास आतल्या आत जळत राहते. वरून पाणी मारलं, विझलं म्हणून माणसं झोपली, की पहाटे पुन्हा पेट घेते.

गंमत बघा, विजेची माळ मुळात आली तेव्हा मेणबत्तीपेक्षा बरी म्हणून तिचं कौतुक झालं. पूर्वी नाताळच्या झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावायचे. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या घरच्या झाडावर ८० विजेचे दिवे लावले, तिथून हा प्रकार सुरू झाला. ज्योत गेली, पण वायर आली.

पण मला खरी भीती वाटली ती रात्री. आजी आतल्या खोलीत झोपते. खिडकीला लोखंडी गज. बाहेर पडायची वाट एकच, ती या कापसातून! मला कमला मिल आठवली. २९ डिसेंबर २०१७, नववर्षाच्या तोंडावर, लोअर परळ. मध्यरात्रीनंतर आग लागली आणि १४ जण गेले. बहुतेकांचा जीव ज्वाळांनी नाही, धुराने घेतला. ते हॉटेल होतं, हे घर आहे. पण धुराला काय फरक पडतो?

रात्री झोप लागली नाही. सकाळी अण्णांना हिशोब वगैरे न सांगता एवढंच म्हणालो, "आजी कुठून बाहेर येणार?"

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले आणि गाठोडी ओढायला लागले.

दुपारपर्यंत दारापासून आतल्या खोलीपर्यंत वाट मोकळी झाली. कापूस भिंतीवरच्या वायरिंगपासून हातभर लांब सरकवला. वायरमनला बोलावून मोरीजवळ १६ अँपिअरचं सॉकेट बसवलं, अर्थिंगसकट, आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबीही. माळ उतरवली. जुना बोर्ड मी स्वतः तोडून टाकला, नाहीतर तो गोठ्यात जाऊन पुन्हा कामाला लागला असता :-)

संध्याकाळी चहा पिताना अण्णा हळूच म्हणाले, "तुझ्या पुण्याच्या घरी तू ते झाड केलं होतं ना दिव्याचं? फोटो धाडला होता."

माझा कप हातातच राहिला. प्लॅस्टिकचं झाड, पडद्याला चिकटून, स्वस्तातली माळ, एक्स्टेन्शन बोर्ड. आणि निघताना घाईत...

शेजारच्या काकूंकडे चावी असते. फोन केला. पाच मिनिटांनी त्यांचा परत फोन आला, "अरे, लुकलुकतंय की अजून! बंद केलंय आता. आणि तो प्लग चांगलाच तापलाय रे."

अण्णा हसले नाहीत. नुसतं म्हणाले, "तिकडं बी वायरमन बोलाव."

असो. तुम्ही सुट्टीला निघाला असाल तर कुलूप लावण्याआधी एकदा मागे वळून बघा.