नऊ मिलिमीटरची शकुंतला

आमच्या पांढरकवड्यात रूळ नाहीत. नागपूर-हैदराबाद महामार्ग आहे, जुना सात नंबर, आताचा चव्वेचाळीस. त्यावरून रात्रंदिवस ट्रक जातात. रेल्वे पाहायची तर आदिलाबाद-माजरी मार्गावरचं पिंपळखुटी गाठायचं, नाहीतर सरळ वर्धा किंवा नागपूर. त्यामुळे आमच्या घराच्या मधल्या खोलीत गेली अकरा वर्षं एक रेल्वे धावते आहे हे ऐकल्यावर नवा माणूस आधी हसतो, मग बघायला येतो, आणि मग हमखास विचारतो, "सर, याचा उपयोग काय?"

उपयोग काही नाही. असो.

तर मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय, त्याला कारण ही मधली खोलीच आहे. घराच्या वाटण्या झाल्या. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. आई गेल्यावर आज ना उद्या व्हायचंच होतं. मधली खोली धाकट्याच्या वाट्याला आली. त्याच्या मुलाचं लग्न माघात ठरलंय, नव्या सुनेला खोली हवी. धाकटा स्वतः काही बोलला नाही. आठ दिवस तो नुसता खोलीच्या दारात येऊन उभा राहायचा आणि "दादा, चहा घेता का?" म्हणून परत जायचा. शेवटी मीच म्हटलं, दिवाळीनंतर रिकामी करून देतो.

आता ती रिकामी करायची म्हणजे काय, हे ज्यांनी आमची रेल्वे पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो.

हे वेड लागलं पुण्यात. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ ला सुरू झालेलं. मी ते दोन-तीन वर्षांनी पाहिलं. एका खोलीत अख्खं शहर. डोंगर, पूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, आणि त्यातून एकाच वेळी धावणाऱ्या अनेक गाड्या. सिग्नल आपोआप पडतात-उठतात. मग खोलीतले दिवे हळूहळू मंद होतात, रात्र होते, आणि डब्यांच्या खिडक्यांतून उजेड दिसायला लागतो. माझ्या शेजारी एक आजोबा उभे होते, ते नातवाला विसरून पुढे सरकून बसले! हा एका माणसाचा छंद आहे हे कळल्यावर मला वाटलं, आपण शंभरावा हिस्सा तरी करू.

पण कोणती गाडी करायची? बाजारात मिळणाऱ्या विलायती गाड्या सुंदर असतात. मात्र जर्मन इंजिन बाभळीखालून जाताना कसं दिसेल? लहानपणापासून मी जी गाडी 'आपली' म्हणून ओळखतो ती एकच. यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत पोचवायला इंग्रजांच्या काळात किलिक निक्सन या कंपनीने हे अडीच फुटी रूळ टाकले. स्वातंत्र्य आलं, सगळ्या रेल्वे सरकारी झाल्या, तरी हा मार्ग खाजगी मालकीचाच राहिला. गाडी मध्य रेल्वे चालवायची आणि कंपनीला पैसे द्यायची. इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. कापूस त्या गावाला जायचा आणि इंजिन त्या गावाहून आलं, हा हिशेब मला फार गमतीचा वाटतो. ते वाफेचं इंजिन सत्तर वर्षं राबलं. १५ एप्रिल १९९४ ला त्याला सुट्टी मिळाली आणि डिझेल आलं. पुढे रूळ खचत गेले, फेऱ्या कमी झाल्या, आणि गाडी बंदच पडली.

आता गंमत बघा. छोट्या रेल्वेच्या जगात सगळ्यात चालणारं प्रमाण म्हणजे एच-ओ, एकास सत्त्याऐंशी. खरी वस्तू सत्त्याऐंशी फूट तर आपली एक फूट. या प्रमाणात परदेशी रुळांची रुंदी साडेसोळा मिलिमीटर येते. आपली ब्रॉडगेज त्यांच्याहून रुंद, १६७६ मिलिमीटर. सत्त्याऐंशीने भागा, एकोणीस मिलिमीटरच्या वर जाते. म्हणजे बाजारच्या रुळांवर आपली गाडी ठेवली की ती मोठ्या माणसाने लहान चपला घातल्यासारखी दिसते. डोळा बसला की ते खुपायला लागतं. पण शकुंतलेचे रूळ ७६२ मिलिमीटरचे. सत्त्याऐंशीने भागले की येतात पावणेनऊ. आणि त्याहून छोट्या एन नावाच्या प्रमाणाचे जे रूळ जगभर मिळतात ते बरोब्बर नऊ मिलिमीटरचे! तो भागाकार मी शाळेतल्या स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिकेच्या मागे केला होता. जी गाडी कुठल्याही कारखान्याने कधी बनवली नाही, तिचे रूळ मात्र तयार मिळत होते.

इंजिनाचं म्हणाल तर खालची चाकं नि मोटर जपानी, वरचं धूड लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं. लग्नपत्रिकेसारखा चिवट पुठ्ठा नाही, नातेवाइकांनी या लेखाच्या निमित्ताने नोंद घ्यावी आणि जाड पत्रिका छापाव्यात :-)

खरा विचार करायला लावते ती आखणी. यवतमाळ ते मूर्तिजापूर सुमारे ११३ किलोमीटर. सत्त्याऐंशीने भागलं तरी एक किलोमीटर तीनशे मीटर उरतात. म्हणजे आमच्या घरापासून सुरू करून बाजार ओलांडून पार पुढे. आणि माझ्याकडे काय होतं? एका भिंतीला आठ फूट, दुसऱ्या भिंतीला सहा फूट, रुंदी दोन फूट. दोन फूटच का, तर मागच्या बाजूला डबा घसरला तर हात पोचला पाहिजे. मग ठरवायचं की काय ठेवायचं आणि काय सोडायचं. मी यवतमाळ, दारव्हा आणि मूर्तिजापूर ठेवलं, मधलं सगळं दोन शेतं आणि एका नाल्यात उरकलं. गोल मार्ग मुद्दाम केला नाही. गोल फिरणारी गाडी कुठेही जात नाही. शकुंतला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायची, तिथे इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळावरून डब्यांच्या दुसऱ्या अंगाला जायचं, पुन्हा जोडलं जायचं. त्या सगळ्या खटाटोपालाच रेल्वे म्हणतात.

आणि वेग! खेळण्यातली गाडी सुसाट सोडणं सोपं असतं, सावकाश चालवणं महाकठीण. खरी गाडी ताशी वीसने चालली असं धरलं तर माझ्या टेबलावर ती सेकंदाला जेमतेम साडेसहा सेंटिमीटर सरकायला हवी, म्हणजे सहा फुटांना अर्धं मिनिट. इतक्या कमी वेगात मोटर गचके देते. रूळ आरशासारखे पुसलेले लागतात, कारण वीज रुळातूनच चाकात जाते. धुळीचा एक कण आला की गाडी उभी. पांढरकवड्याची धूळ, उन्हाळ्यात, विचारूच नका.

माती मात्र घरची. शेतातली काळी माती वाळवून, कुटून, आमच्या सौ.च्या जुन्या ओढणीतून गाळून घेतली आणि वरून चुंबक फिरवला. आपली माती काळ्या पाषाणाची, तिच्यात लोहाचे कण असतात. ते मोटरीत गेले की संपलं. चुंबकाला दाढीसारखी काळी बारीक लव चिकटून आली. मग पातळ फेविकॉलात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून ती माती बसवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर वाळताना तिला बारीक भेगा पडलेल्या, थेट मे महिन्यातल्या शेतासारख्या. त्या मी तशाच ठेवल्या. बाजारातून आणून असं शेत करता आलं नसतं. कपाशीचं झाड कंबरेइतकं, म्हणजे इथे अकरा मिलिमीटर. सुतळीचे तुकडे हिरवे रंगवून त्यांवर खऱ्या कापसाचे कण चिमट्याने लावले. एका ओळीला एक संध्याकाळ.

सगळ्यात अवघड गेलं दारव्हा स्टेशन. नकाशे नाहीत, फोटो दोन-तीन, तेही गाडीचे. म्हणून आमच्या आत्याला बसवलं. तिचं सासर दारव्ह्याचं, साठीच्या दशकात ती नवी नवरी म्हणून याच गाडीने गेली होती. मागच्या दिवाळीला आली, चष्मा सावरून टेबलावर वाकली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली,

"हे आपलं दारव्ह्याचं ठेसन व्हय का रे बाबू? मंग नळ इकडून कावून ठेवला तुनं? नळ झाडाच्या तिकडून होता. तिथचं पाणी म्या सोता पेलं हाय."

काकांचं म्हणणं उलट. दोघं दुपारभर वाद घालत बसले. त्या वादात मला न विचारता बरंच मिळालं: बाक कुठे होता, शेंगदाणेवाली कुठे बसायची, आणि लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला माहेरी यायला निघालेली आत्या गाडीला उशीर झाला म्हणून त्या बाकावर किती वेळ एकटी रडत बसली होती. हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. काकांनीही. जाताना ती म्हणाली, "बाकी ठीक हाय. पण मानसं नाहीत ना रे तुह्या ठेसनावर."

माणसं केली. एकोणीस मिलिमीटरची. बाकावर एक हिरवं लुगडं.

तर आता हे सगळं कापायचं होतं. गेला महिनाभर मी त्याच विचारात होतो. जॉन ॲलन नावाचा एक अमेरिकन होता, या छंदातला देवमाणूस. त्याने कॅलिफोर्नियात घराच्या तळघरात वर्षानुवर्षं खपून एक डोंगराळ रेल्वे उभी केली होती. जानेवारी १९७३ मध्ये तो वारला आणि दहा-बारा दिवसांत आग लागून ती सगळी जळून गेली. जर्मनीत हॅम्बुर्गला ब्राऊन नावाच्या जुळ्या भावांनी २००१ साली सुरू केलेलं प्रदर्शन याच्या उलट, ते अजून वाढतंच आहे. भाऊ असावेत तर असे, असं सौ. म्हणाली. मी म्हटलं, त्यांना सून यायची नव्हती.

पण खोली लहान झाली म्हणून छंद सोडावा लागत नाही, हेही याच जगाने शिकवलंय. ॲलन राइट नावाच्या एका इंग्रजाने एक कोडं रचलं. तीन रूळ, एकावर पाच वाघिणी मावतील, दुसऱ्या दोघांवर तीन-तीन. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमाने त्यांची गाडी जोडायची. सोपं वाटतं? आठांतून पाच क्रमाने काढायचे प्रकार होतात ६७२०. रोज एक कोडं सोडवलं तरी अठरा वर्षं पुरेल. आणि शकुंतलेच्या आकाराच्या छोट्या वाघिणी घेतल्या तर हे सगळं चार फूट लांब आणि एक फूट रुंद फळीवर बसतं. चार बाय एकची फळी आमच्या झोपायच्या खोलीत, कपाटाच्या आणि खिडकीच्या मध्ये, नेमकी मावते. मोजून पाहिलंय.

म्हणून दारव्हा ठेवलं. कापसाच्या गाठींच्या वाघिणी तिथेच जुळवायच्या.

परवा रविवारी कापाकापी झाली. आधी रूळ घासणीच्या पातळ पात्याने कापले, मग तारा सोडवून प्रत्येकीला चिठ्ठी बांधली, मग करवत. प्लायवूडवर करवत मी चालवणार होतो, पण धाकट्याने ती हातातून घेतली. "तुमच्याकडून नाही व्हायचं दादा," म्हणाला, आणि अगदी सरळ रेषेत कापलं. त्याला ते काम येतं. कपाशीच्या दोन ओळी गेल्या. मूर्तिजापूर त्याच्या मुलाने मागून घेतलं, त्याच्या दुकानात काउंटरवर काचेखाली ठेवणार आहे. यवतमाळ आमच्या शाळेत जाईल. प्रमाण आणि भागाकार शिकवायला याहून बरं साधन नाही. शेतं आणि नाला कोणालाच नको होते, ते सध्या माळ्यावर आहेत.

तिकडे खऱ्या यवतमाळलाही कामं चालू आहेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पुढे हा मार्ग यवतमाळहून दारव्हा, दिग्रस, पुसद करत नांदेडला जायचा आहे. म्हणजे दारव्ह्याला पुन्हा गाडी येणार, यावेळी रुंद रुळांवरून. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "येऊ दे. नळ हाय का त्यायच्यात?"

तर आता एक काम. दारव्ह्याची फळी नव्याने बसवताना फलाट उखडून पुन्हा करावा लागतोय, आणि नळाचा निकाल लावायला हीच संधी आहे. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूरकडच्या नातेवाइकांपैकी कोणाच्या जुन्या अल्बममध्ये दारव्हा स्टेशनचा फोटो असेल, लग्नाच्या वऱ्हाडाचा का असेना, तर बघून ठेवा. मला फलाटाचं झाड आणि त्याच्या दोन्ही बाजू दिसायला हव्यात. तोवर मी नळ चिकटवत नाही. काकांना मात्र हे सांगू नका.