पृथ्वी पडते आहे, पण कुठे?

राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त वाराणसीतील एका शाळेत मी ग्रहगतीवर व्याख्यान द्यायला गेले होते. प्रश्नोत्तरांच्या वेळी नववीतला एक मुलगा उभा राहिला. "मॅडम, न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षण शोधले होते ना?" मी हसून "नाही" म्हटले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. सभागृहातही थोडा हशा पिकला. मुलगा मुकाट्याने खाली बसला.

माझे उत्तर चूक नव्हते, पण मला ते देण्याचा अधिकारही नव्हता. भास्कराचार्यांचा ग्रंथ मी तोवर उघडूनही पाहिला नव्हता. पदार्थविज्ञानातील डॉक्टरेटच्या आधारावर मी न वाचलेल्या पुस्तकावर निकाल देऊन बसले होते. मनातली ती टोचणी घालवण्यासाठी पुढचे काही महिने मी 'सिद्धांतशिरोमणी'चा गोलाध्याय सावकाश वाचला. हे लेखन म्हणजे त्या मुलाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

इ. स. ११५० मध्ये लिहिलेल्या या ग्रंथात भास्कराचार्यांपुढे एक जुना प्रश्न होता: पृथ्वी कशावर टेकली आहे? त्यांचा युक्तिवाद आजही वाचताना थक्क करतो. पृथ्वीला आधार हवा असे म्हटले, तर त्या आधारालाही आधार हवा, आणि ही साखळी कुठेच संपत नाही. त्यापेक्षा पृथ्वीच आपल्या आकर्षणशक्तीने जड वस्तू स्वतःकडे ओढते असे मानावे. आपल्याला ती वस्तू 'पडली' असे वाटते. आणि चहूकडे आकाश सारखेच असताना पृथ्वीने स्वतः कुठल्या दिशेला पडायचे? पृथ्वी अखंड खाली कोसळते आहे असे मानणाऱ्या बौद्ध मताचाही त्यांनी प्रतिवाद केला आहे. 'खाली' ही विश्वाची दिशा नव्हे, ती पृथ्वीच्या संदर्भातली दिशा आहे, हे इतक्या स्पष्टपणे मांडणारा विचारवंत कुठल्याही शतकात मोठाच ठरला असता.

मग त्या मुलाचे म्हणणे खरे होते का? त्यासाठी त्याच ग्रंथाची दुसरी पाने पाहावी लागतात. तिथे ग्रहांची गती येते, आणि तिथे पृथ्वीची ही आकर्षणशक्ती दिसत नाही. ग्रहांचे स्थान मध्यम गती, मंदोच्च, शीघ्रोच्च आणि वर्तुळे यांच्या साहाय्याने काढले जाते. 'सूर्यसिद्धांता'त तर ग्रहांना इकडेतिकडे ओढणाऱ्या अदृश्य शक्ती आहेत आणि त्यांच्या हाती वायूच्या दोऱ्या आहेत. म्हणजे ओढ दोन्हीकडे आहे. पण फळाला ओढणारी वेगळी, ग्रहाला ओढणारी वेगळी.

हे वाचत असताना माझ्या लक्षात आले, की मी राहते त्याच शहरात या प्रश्नांवर मराठी घराण्यांनी शतकानुशतके विचार केला आहे. सतराव्या शतकात विदर्भातल्या दधिग्रामाहून काशीला आलेल्या घराण्यातील मुनीश्वरांनी १६४६ मध्ये 'सिद्धांतसार्वभौम' लिहिला. गोदावरीकाठच्या गोलग्रामातून आलेल्या घराण्यातील कमलाकरांनी १६५८ मध्ये 'सिद्धांततत्त्वविवेक' रचला. मुनीश्वर भास्कराचार्यांचे पाठीराखे, तर कमलाकर 'सूर्यसिद्धांता'चे. दोन्ही घराण्यांत ग्रहगणितावरून खंडनमंडन चाले. त्यांची दारे बंद होती असेही नाही; उलुगबेगाच्या परंपरेतले ज्ञान कमलाकरांनी आपल्या ग्रंथात घेतले. पण त्या वादातला मुख्य प्रश्न 'ग्रह अमुक वेळी कुठे दिसेल' हा होता. ग्रहण आणि पंचांग त्यावरच अवलंबून होते.

त्याआधीच, १६०९ मध्ये, केप्लरने मंगळाच्या कक्षेवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. वर्तुळांच्या हिशेबात आणि टायको ब्राहेच्या वेधांत त्याला आठ कलांचा फरक आढळला, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या सुमारे पावपट. एवढ्याशा फरकासाठी त्याने वर्तुळ सोडून लंबवर्तुळ स्वीकारले. शिवाय 'ग्रह कुठे दिसेल' याच्या जोडीला त्याने 'त्याला कोण चालवते' हेही विचारले. त्याचे उत्तर अपुरे होते. पण तो प्रश्न पुढे न्यूटनला उपयोगी पडला.

१६८७ मध्ये न्यूटनने काय केले, ते विद्यार्थ्यांनी स्वतः गणित करून पाहावे. झाडावरून सुटलेले फळ पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर पडते. पृथ्वीच्या मध्यापासून चंद्र त्या फळाच्या साठपट दूर आहे. ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असेल, तर तिथे ती ३,६०० पट कमी हवी. म्हणजे चंद्र सेकंदाला सुमारे १.३६ मिलिमीटर 'पडायला' हवा. आता चंद्राचा वेग घ्या: सेकंदाला सुमारे १.०२ किलोमीटर. अंतर घ्या: सुमारे ३,८४,००० किलोमीटर. वेगाच्या वर्गाला अंतराच्या दुपटीने भागा. सरळ रेषेपासून चंद्र दर सेकंदाला किती वळतो ते मिळेल, आणि ते उत्तरही १.३६ मिलिमीटरच येते. फळ आणि चंद्र एकाच नियमाने पडतात, हा शोध या आकड्यांच्या जुळणीत आहे.

म्हणून प्रामाणिक उत्तर असे: पृथ्वीच्या आकर्षणाची कल्पना भास्कराचार्यांकडे होती, विश्वव्यापी गुरुत्वाकर्षणाचा नियम नव्हता. दोन्ही वाक्ये एकत्रच म्हटली पाहिजेत. पहिले गाळले तर आपण उद्धट ठरतो, दुसरे गाळले तर भोळे.

काशीत असा एक वाद पूर्वी अधिक सभ्यपणे झाला होता. पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री १८४२ मध्ये इथल्या संस्कृत महाविद्यालयात शिकवायला आले. ग्रहाच्या तात्कालिक गतीचे भास्कराचार्यांचे विवेचन म्हणजे कलनशास्त्राचेच ज्ञान होय, असे त्यांनी १८५८ मध्ये इंग्रजी निबंधात मांडले. १८६० मध्ये लंडनच्या स्पॉटिसवुड या गणितज्ञाने त्याची छाननी केली. पद्धत कौतुकास्पद आहे, पण दावा अधिक मोठा आहे, असे त्याचे मत पडले. एकाने पुरावा मांडला, दुसऱ्याने तो तपासला. पूर्वजांचा अभिमान बाळगणारे हेच बापूदेव पुढे इंग्रजी 'नॉटिकल आल्मनाक'वरून पंचांग तयार करीत. आकाशाशी कोणता आकडा जुळतो, याला त्यांनी अभिमानापेक्षा वरचे स्थान दिले.

याच काशीत १९३२ मध्ये विष्णू वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात आले आणि सापेक्षतावादाचे संशोधन इथे रुजले. तोवर न्यूटनचा नियमही अपुरा ठरला होता. बुधाच्या कक्षेतला शतकाला ४३ विकलांचा फरक त्याने उलगडेना. तो आइन्स्टाइनने १९१५ मध्ये उलगडला. विष्णुपंतांचे पुत्र जयंत याच विद्यापीठाच्या परिसरात वाढले आणि पुढे फ्रेड हॉइल यांच्यासह त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा स्वतंत्र सिद्धांत मांडला. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही, तरी त्याची चर्चा मात्र झाली.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा त्या शाळेत गेले. त्या मुलाची वर्गासमोर क्षमा मागितली आणि चंद्राचे गणित फळ्यावर मांडले. आकडे जुळलेले पाहून तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मग पृथ्वी कुठे पडते? भास्कराचार्यांनी तेच विचारले होते ना?"

इतके महिने वाचूनही हे दोन धागे मी असे जोडले नव्हते. मी त्याला पृथ्वीचा कक्षेतला वेग सांगितला, सेकंदाला सुमारे २९.८ किलोमीटर, सूर्यापासूनचे अंतरही सांगितले, सुमारे १५ कोटी किलोमीटर. आणि खडू त्याच्या हातात दिला. दोनदा खोडून तिसऱ्यांदा त्याचे उत्तर आले: सेकंदाला सुमारे तीन मिलिमीटर, सूर्याकडे.